गाणी पाठ, नाटक कोरं

मराठी रसिकाला नाटकातलं गाणं ठाऊक असतं, नाटक ठाऊक नसतं. विधान कडू आहे, पण पडताळून पाहायला सोपं आहे. नाट्यसंगीताच्या कुठल्याही मैफलीत मध्यंतराला शेजारच्या खुर्चीवरच्या रसिकाला विचारा : आत्ता झालेलं पद नाटकात कोण म्हणतं? कोणाला उद्देशून म्हणतं? त्याच्या मिनिटभर आधी रंगमंचावर काय घडलेलं असतं? रागाचं नाव तो बिनचूक सांगेल. मूळ पद कोणी गाजवलं, कुठली जागा कशी घेतली, हेही सांगेल. पात्राचं नाव अडखळत येईल. प्रसंग बहुधा येणारच नाही.

आता दुसऱ्या टोकाला या. नाटक हा विषय घेऊन शिकणारा विद्यार्थी. त्याच्या हातात संहिता आहे. कथानक, पात्रपरिचय, संवादांची वैशिष्ट्यं, लेखकाचा काळ, सारं त्याने वहीत उतरवलं आहे. वाचता वाचता पद आलं की तो पान उलटतो. गाण्यावर प्रश्न येत नाही, हे त्याला कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं.

एकाने गाणं उचललं, दुसऱ्याने शब्द उचलले, आणि नाटक तिथेच पडून राहिलं. आपल्याकडे नाटकाची चर्चा भरपूर होते, अभ्यासही होतो. पण संगीत नाटकाची वाट वेगळी आणि अभिजात, गंभीर नाटकाची वाट वेगळी, असं आपण कधीतरी ठरवून टाकलं. मला या वाटणीबद्दल बोलायचं आहे, कारण ती खोटी आहे आणि तिने दोन्ही बाजूंचं नुकसान केलं आहे.

सुरुवात थेट कालिदासापासून करू. 'अभिज्ञानशाकुंतला'च्या प्रस्तावनेत नटी ग्रीष्म ऋतूचं गाणं म्हणते. सूत्रधार त्यात इतका रंगतो की आज कोणतं नाटक करायचं हेच विसरतो. नटीला त्याला आठवण करून द्यावी लागते. ज्या नाटकाचा सारा डोलारा एका विस्मरणावर उभा आहे, त्याचं पहिलं विस्मरण गाण्यामुळे होतं. पुढे पाचव्या अंकात हंसपदिका पडद्याआडून गाते. राजाने आपल्याला विसरून वसुमतीला जवळ केलं, ही तिची तक्रार. ते गाणं ऐकून दुष्यंत अस्वस्थ होतो आणि का अस्वस्थ झालो हे त्याला कळत नाही. त्यानंतर शकुंतला दरबारात येते आणि तो तिला ओळखत नाही. म्हणजे राजाची बुद्धी जे विसरली आहे, ते त्याचा कान अर्धवट आठवतो आहे. ही दोन गाणी बाजूला काढून 'शाकुंतल' शिकवता येतं का? येतं, आणि शिकवलंही जातं. मग हाती उरते शाप आणि अंगठीची गोष्ट.

कालिदासाच्या आधी भरताने याचं शास्त्र मांडून ठेवलं आहे. नाट्यशास्त्राच्या 28 व्या अध्यायापासून पुढे वाद्यं, स्वर, ताल यांचा विस्तार आहे आणि त्यातच ध्रुवागान येतं. ध्रुवा म्हणजे नाटकातली गाणी. भरताने त्यांचे पाच प्रकार सांगितले : पात्र येताना म्हणायची प्रावेशिकी, जाताना म्हणायची नैष्क्रामिकी, चालू असलेला भाव एकदम मोडून नवा आणणारी आक्षेपिकी, मन निवळवणारी प्रासादिकी, आणि प्रयोगात पडलेलं खिंडार भरून काढणारी आंतरा. ही वर्गवारी नीट पाहा. गाणं त्या ठिकाणी नाटकाचं कोणतं काम करतं, यावर ती उभी आहे. नाटकातल्या गाण्याविषयी विचारायचा पहिला प्रश्न भरताने देऊन ठेवला होता. आपण तो सोडून दिला आणि थाट, राग, घराणं विचारत बसलो.

ग्रीकांकडेही हेच दिसेल. सोफोक्लिसच्या शोकांतिकांमधला कोरस गात होता, नाचत होता. ते संगीत काळाच्या ओघात गेलं, हाती फक्त शब्द राहिले. म्हणून ग्रीक नाटक ही वाचायची गंभीर वस्तू झाली. तिथे इलाज नव्हता. आपल्याकडे शब्दही आहेत, चालीही आहेत, गाणारे गळेही आहेत, आणि तरीही आपण ते एकमेकांपासून वेगळे करून ठेवले.

शेक्सपिअर घ्या. ऑफेलिया वेडाच्या भरात दरबारात गाते. राजाराणीसमोर दरबारी मुलीला जे बोलायची मुभा नाही, बापाचं मरण आणि पुरुषाने केलेली फसवणूक, ते ती गाण्यातून बोलते. 'ट्वेल्फ्थ नाइट'चा शेवट लग्नांच्या आनंदावर होत नाही; विदूषक फेस्टी एकटा उरतो आणि गातो. आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं ते 1883 साली. एवढ्या जुन्या ओळखीनंतरही आपल्या वर्गांत शेक्सपिअर म्हणजे स्वगतं आणि टिपा. नाटकातली गाणी कोणी मोठ्याने म्हणूनही दाखवत नाही.

मराठी रंगभूमीच्या इतिहासाकडे हाच प्रश्न घेऊन गेलं की तो वेगळा दिसू लागतो.

विष्णुदास भाव्यांनी 5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं. त्या पद्धतीत गायचा तो सूत्रधार. पात्रं त्याच्या पदांच्या आधाराने आयत्या वेळी संवाद रचत. गोष्ट पुढे नेण्याची जबाबदारी सूत्रधाराच्या गळ्यावर होती. मग 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' उभं राहिलं आणि पात्रं स्वतः गाऊ लागली. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत उरकतात. त्या ओळीवर एक आख्खं व्याख्यान व्हायला हवं. दुसऱ्याने माझं दुःख गाणं आणि मी माझं दुःख गाणं, यांत केवढं अंतर आहे! पात्राला स्वतःचा आवाज मिळतो, तेव्हा त्याला स्वतःचं मन मिळतं. 1882 च्या 'सौभद्रा'त सुभद्रा, कृष्ण, अर्जुन ही माणसं पुराणातून उठून मराठी घरात येऊन बसल्यासारखी वाटतात. त्याचं एक मोठं कारण त्यांच्या गाण्यांत आहे. साकी, दिंडी अशा रोजच्या कानाच्या चालींवर ती आपल्या घरातली भांडणं आणि रुसवे गातात. सुभद्रेचं लग्न ठरवताना तिला कोणी विचारत नाही. जे तिला घरात बोलता येत नाही ते ती प्रेक्षकांपुढे गाते.

पुढचा बदल तितकाच मोठा आहे. 1911 च्या 'मानापमाना'ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, 1916 च्या 'स्वयंवरा'ला भास्करबुवा बखल्यांनी. ख्यालाच्या बंदिशी, उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याचे ढंग नाटकात आले. चाल आधी, शब्द नंतर. नाटककार खाडिलकरांना तयार चालींच्या मापात शब्द बसवावे लागले. मराठी संगीताला यातून केवढं धन मिळालं, हे सांगायची गरज नाही. नाटकाला काय मिळालं आणि त्याने काय गमावलं, हा प्रश्न मात्र अजून उघडा आहे. चालीची बढत आणि प्रसंगाची बढत एकाच दिशेने जाते का? कुठे जाते, कुठे फाटते? एकेका पदावर हा हिशेब मांडला तर कित्येक प्रबंध होतील. आपण 'सुवर्णकाळ' एवढं म्हणून हात जोडतो आणि पुढे जातो.

'एकच प्याला' तर डोळ्यांत अंजन घालणारं उदाहरण. गडकरी 1919 च्या जानेवारीत गेले आणि त्याच वर्षी नाटक रंगमंचावर आलं. त्यातली पदं गडकऱ्यांची नाहीत, विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. म्हणजे सिंधू बोलते ते एका लेखकाचं आणि गाते ते दुसऱ्याचं. गडकऱ्यांची गद्यातली सिंधू आणि गुर्जरांची पदांतली सिंधू एकच बाई आहे का? गाणारी सिंधू अधिक सोशिक वाटते की बोलणारी? बालगंधर्वांच्या गळ्याने कोणत्या सिंधूला मोठं केलं? एवढा रसाळ प्रश्न समोर असताना आपण शंभर वर्षं 'दारूचे दुष्परिणाम' या मथळ्याखाली निबंध लिहून घेतो आहोत.

गाणं आणि नाटक यांची ताटातूट झाली कशी? याचं एक साधं यांत्रिक कारण आहे. 78 आरपीएमची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं वाजायची. त्यात मावलं ते गाणं, आणि तेच घराघरांत पोचलं. गाण्याच्या आधीचा संवाद, नंतरची शांतता, समोर उभं असलेलं दुसरं पात्र, हे सारं तबकडीबाहेर राहिलं. मग रेडिओ आला, मैफली आल्या, स्पर्धा आल्या, आणि हे तुकडे पिढ्यान् पिढ्या फिरत राहिले.

पण सगळा दोष तबकडीच्या माथी मारता येत नाही. त्याच 78 आरपीएमच्या तबकड्यांवर अमेरिकेत 1943 साली 'ओक्लाहोमा!'ची गाणी मूळ नटसंचाच्या आवाजात, संच म्हणून निघाली. ऐकणाऱ्याला नाटकाचा आकार कळावा, अशी ती योजना होती. पुढे तिथे हीच रीत पडली. संहिता छापील मिळते, स्वरलिपी मिळते, मूळ संचाचं ध्वनिमुद्रण मिळतं. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात 1970 पासून आख्ख्या प्रयोगांचं चित्रण जतन केलं जातं आणि अभ्यासकाला तिथे बसून ते पाहता येतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने 1992 पासून असंच काम हाती घेतलं. 1927 च्या 'शो बोट'मध्ये गाणं कथेतून उगवलं, या एका मुद्द्यावर तिथे शेल्फभर पुस्तकं आहेत. पात्राने केव्हा आणि का गायचं, हा प्रश्न किर्लोस्करांनी पुण्यात त्याच्या 47 वर्षं आधी सोडवायला घेतला होता. आपल्या शेल्फवर काय आहे?

आपल्या शेल्फवर आठवणी आहेत. मराठीत नाटकावर लिहायचं म्हणजे पुष्कळदा आठवणीच लिहायच्या. 'मानापमान' म्हटलं की पहिल्या प्रयोगाची हकिगत येते : 12 मार्च 1911, बालगंधर्वांच्या तान्ह्या मुलीचं निधन, आणि तरीही ते रंगमंचावर उभे राहिले. मग 8 जुलै 1921 चा संयुक्त 'मानापमान' येतो, टिळक स्वराज्य फंडासाठी, केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. या हकिगती मोठ्या आहेत, त्या सांगितल्याच पाहिजेत. पण त्या सांगून झाल्यावर चर्चा संपते, तिथे माझा आक्षेप आहे. गरीब म्हणून धैर्यधराला झिडकारणारी श्रीमंत भामिनी पुढे वनमाला बनून, गरीब मुलीच्या वेषात, त्याच्याच प्रेमात पडते. वेष बदलल्यावर तिचं गाणं बदलतं का? टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना 'केसरी'च्या परंपरेतला लेखक पैसा आणि शौर्य यांचं भांडण रंगमंचावर मांडतो, ते प्रेक्षकाच्या कानावर काय म्हणून पडलं असेल? आठवणी आपल्याला नटाकडे नेतात. नाटकाकडे जायचं तर प्रश्न लागतात.

खाडिलकरांचं एक नाटक मात्र कोणीतरी अगदी बारकाईने वाचलं होतं. 1907 च्या 'कीचकवधा'त त्यांना कर्झन दिसला, द्रौपदीत परवश देश दिसला, आणि 1910 साली त्यांनी त्यावर बंदी घातली. ते वाचक म्हणजे इंग्रज सरकार. नाटक माणसांना काय करायला लावू शकतं, हे ज्यांना त्याची भीती होती त्यांनी ओळखलं. ज्यांचं त्यावर प्रेम आहे त्यांनी त्याहून कमी लक्षपूर्वक वाचावं, हे बरं नाही.

'वन्स मोअर'विषयीही स्पष्ट बोलायला हवं. एक पद तीनदा, चारदा घेतलं जाई आणि नाटक रात्रभर चाले. रंगमंचावर पात्र संकटात आहे आणि प्रेक्षक त्याला पुन्हा गायला लावतो आहे. त्या क्षणी पात्र संपतं आणि गायक उरतो. याच्या शेजारी ब्रेख्त ठेवून पाहा. 1928 साली बर्लिनमध्ये त्याने आणि कुर्ट वाइलने 'थ्री पेनी ऑपेरा' केला. तिथेही गाणं नाटक थांबवतं, पण मुद्दाम, प्रेक्षकाने भारावून न जाता विचार करावा म्हणून. जॉन गेच्या 1728 च्या 'बेगर्स ऑपेरा'वरून ब्रेख्तने ते रचलं, आणि 1978 साली पु. ल. देशपांड्यांनी त्याचा 'तीन पैशांचा तमाशा' केला. जब्बार पटेलांनी तो बसवला. अडीचशे वर्षांची ही साखळी आहे. गाण्याने नाटक थांबवण्याचे दोन उलटे अर्थ, एक आपल्या परंपरेतला आणि एक ब्रेख्तचा, या एका प्रयोगात समोरासमोर येतात. नाट्यशास्त्राच्या वर्गात यावर महिनाभर बोलता येईल.

साखळीचंच बोलायचं तर 'संशयकल्लोळ' घ्या. मोलिएरच्या 1660 च्या प्रहसनावरून आर्थर मर्फीने इंग्रजी नाटक केलं, त्यावरून देवलांनी 1893 साली 'फाल्गुनराव' हे गद्य नाटक केलं, आणि 1916 साली त्याचंच संगीत 'संशयकल्लोळ' झालं. एकाच लेखकाच्या हातचं एकच नाटक गाण्यांशिवाय आणि गाण्यांसह, असं दोन्ही रूपांत आपल्याकडे आहे. अभ्यासकाला याहून अधिक काय हवं? गद्य नाटकाचं नावच संशयी नवऱ्याचं आहे. संगीत नाटकात गाण्यांचा मोठा वाटा अश्विनशेठ आणि रेवती या प्रेमिकांकडे जातो आणि सगळा तोल त्यांच्याकडे सरकतो. संशयाची गोष्ट प्रेमाची गोष्ट होऊ लागते. दोन्ही संहिता शेजारी ठेवून वाचल्या की गाणं नाटकात किती मोठी सत्ता गाजवतं, ते उघड दिसतं.

आणि याच्या उलट उदाहरण 'ती फुलराणी'. शॉचं 1913 चं 'पिग्मॅलियन' गद्य नाटक. शॉच्या मृत्यूनंतर, 1956 साली, न्यूयॉर्कमध्ये त्याचं 'माय फेअर लेडी' हे गाजलेलं म्युझिकल झालं. संगीत नाटकाच्या प्रदेशात जन्मलेल्या आणि स्वतः उत्तम संगीतकार असलेल्या पुलंनी 1975 साली ते मराठीत आणताना गद्यच ठेवलं. भाषा हाच जिथे विषय, तिथे बोलण्याची लय हेच गाणं, हे त्यांनी ओळखलं. भक्ती बर्व्यांनी ते सिद्ध केलं. त्यातलं स्वगत आज प्रत्येक एकपात्री स्पर्धेत ऐकू येतं. त्या स्पर्धकांपैकी किती जणींनी आख्खं नाटक वाचलेलं असतं?

'नटसम्राट'चंही तेच. 23 डिसेंबर 1970 ला ते रंगमंचावर आलं. तेव्हापासून आप्पा बेलवलकरांची स्वगतं संमेलनांत, स्नेहसंमेलनांत, निरोप समारंभांत म्हटली जातात. नाट्यपद तोडून मैफलीत नेतो तसंच आपण स्वगत तोडून स्पर्धेत नेतो. कावेरी मात्र त्या स्पर्धेत कुठेच नसते. संसाराचा व्यवहार ओळखणारी, नवऱ्याच्या मोठ्या आवाजाखाली शांतपणे झिजणारी ही बाई बाजूला ठेवली की शोकांतिका राहत नाही, फक्त वक्तृत्व राहतं.

ज्या नाटकांत गाणं आणि आशय वेगळे काढताच येत नाहीत, तिथेही आपण वेगळं काढून दाखवलं आहे. 16 डिसेंबर 1972 ला आलेलं 'घाशीराम कोतवाल'. भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचं नृत्य, ब्राह्मणांची हलती-गाती भिंत. कीर्तन आणि लावणी एकमेकांत घुसतात, आणि त्या घुसण्यातच नाटकाचा आरोप आहे. भक्ती आणि भोग एकाच गळ्यातून, एकाच ठेक्यावर निघतात. आपण मात्र वर्षानुवर्षं एकाच गोष्टीवर भांडलो : खरे नाना फडणवीस असे होते का? वाद घालायचा तर त्या भिंतीवर घालू या. ती कोणाला झाकते? घाशीरामची मुलगी गौरी, जिच्या वाट्याला संवाद जवळजवळ नाहीतच, तिच्या मुकेपणाभोवती एवढा गजर का आहे?

1967 च्या 'कट्यार काळजात घुसली'त तर दोन गायकींचा झगडा हेच कथानक. अभिषेकीबुवांच्या चाली आणि वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब. इथे प्रत्येक चीज हा वादातला मुद्दा आहे, आणि ऐकणाऱ्याने ठरवायचं आहे की कला कोणाच्या मालकीची. ती गाणी सुटी ऐकली की हा खटला नाहीसा होतो.

चर्चेचा नकाशाही तोकडा आहे. आपण सांगली, पुणे, मुंबई यांच्यातच फिरतो. तंजावरला शाहजीराजे भोसल्यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस मराठी नाटकं लिहवली, लिहिली. त्यांची हस्तलिखितं सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. जोतीराव फुल्यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' लिहिलं. भटजीच्या नादाने लुबाडलं गेलेलं कुणबी जोडपं अखेर शाळेच्या वाटेला लागतं, आणि सोबत सतत टोकणारा विदूषक. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते स्वीकारलं नाही आणि छापून यायला 1979 साल उजाडलं. ज्या पुस्तकांनी 1843 वरून थेट 1880 वर उडी मारली, त्यांनी हे नाटक ओलांडलं आहे. ते वर्गात परत आणलं पाहिजे.

आणि संगीत नाटक संपलं, असं म्हणणाऱ्यांनी भाताची कापणी झाल्यावर पूर्व विदर्भात जावं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. देसाईगंज-वडशाहून मंडळ्या निघतात, मंडईच्या दिवसांत गावोगावी रात्रभर नाटक चालतं, गाणी आणि वाद्यसाथ जागच्या जागी. या झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. गोव्यातल्या तियात्राचा जन्म 17 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला, लुकाझिन रिबेरोंच्या 'इटालियन भुरगो'ने. त्यात कांतारां, म्हणजे गाणी, कथेच्या बाहेर उभी राहून राजकारणावर बोलतात. कथेतून उगवणारं गाणं, कथा थांबवणारं गाणं आणि कथेच्या शेजारी उभं राहून समाजाला सुनावणारं गाणं, हे तिन्ही नमुने आपल्या दाराशी आहेत. 'संगीत देवबाभळी'त प्राजक्त देशमुखांनी आवली आणि लखुबाई या दोनच बायकांना घेऊन नवं संगीत नाटक उभं केलं आणि तरुण प्रेक्षक त्याला रांगा लावून आला. नाटक पुढे गेलं आहे. त्याच्याविषयीचं बोलणं मागे राहिलं आहे.

मग करायचं काय? मोठ्या संस्थेची, अनुदानाची, समितीची वाट पाहायची गरज नाही. पुण्यात ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे, गोव्यात कला अकादमीची नाट्यशाळा आहे. ती त्यांचं काम करतील. आपलं काम आपल्या बैठकीच्या खोलीत आहे. चार-सहा माणसं जमवा. एक नाटक निवडा. भूमिका वाटून मोठ्याने वाचा, मनात वाचू नका. पद आलं की थांबा आणि त्याच जागी त्याचं ध्वनिमुद्रण लावा. जमत असेल तर स्वतः म्हणा, सूर कच्चा असला तरी चालेल. मग तीन प्रश्न विचारा. हे पात्र आत्ताच का गातं? गाणं संपल्यावर असं काय बदललेलं असतं, जे आधी नव्हतं? आणि या नाटकात कोणाला गाणं मिळालेलं नाही? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण कोणाच्या दुःखाला सूर द्यायचा आणि कोणाला गप्प ठेवायचं, हे लेखकाने आणि त्याच्या काळाने मिळून ठरवलेलं असतं.

शिक्षकांना माझी वेगळी विनंती आहे. वर्गात नाटक शिकवताना निदान एक पद म्हणून घ्या, आणि परीक्षेत त्या पदावर प्रश्न घाला. ज्यावर प्रश्न येतो तेच मुलं वाचतात, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. गायकांनाही विनंती आहे. मैफलीत पद सुरू करण्याआधी दोन वाक्यांत प्रसंग सांगा : कोण गातं आहे, कोणापुढे, आणि का. त्याने तुमच्या तानेचं वजन वाढेल. निवेदकांनी 'अजरामर', 'चिरंतन', 'स्वर्गीय' ही विशेषणं आवरावीत आणि तो वेळ प्रसंगाला द्यावा.

आणि वाचकहो, तुमच्यासाठी एकच मागणं. तुम्हाला सर्वांत आवडणारं नाट्यपद ज्या नाटकात आहे, ते नाटक या महिन्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. ग्रंथालयात ते मिळेल. मिळालं नाही तर ग्रंथपालाकडे मागणी नोंदवा आणि मिळेपर्यंत मागत राहा. जी नाटकं कोणी मागत नाही, त्यांच्या प्रती पुन्हा छापल्या जात नाहीत.